ओळखपत्रावरचा चेहरा



ह्या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही त्यांस म्हणालो, वेतनावर तर आम्ही वर्षभर फाटकाबाहेर बोलतच असतो. ऐकणाऱ्यांचे कान किटले आणि आमचा घसा बसला. एक संध्याकाळ आम्हांला फोटोवर बोलू द्या. ते हसले. कामगारांच्या पुढाऱ्याला फोटो काढून घेण्याची हौस असते हे त्यांस ठाऊक होते. काढण्याचीही असते हे नव्याने कळले असावे.

दोन गोष्टी आधीच सांगून टाकतो. पहिली, आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि एस. टी. च्या प्रवासात, तेव्हा रसायनशास्त्रातला एखादा शब्द चुकला तर समोर बसलेल्या प्राध्यापकांनी तो मनातल्या मनात सुधारून घ्यावा. दुसरी, आम्ही ‘आम्ही’ म्हणतो त्यात मोठेपणा काही नाही. तीस वर्षे युनियनमध्ये काढल्यावर ‘मी’ हा शब्द जिभेवर येईनासा होतो, इतकेच.

आजच्या सभेत ज्यांच्याविषयी बोलायचे त्यांपैकी फारच थोड्या बाया इथे दिसतात. वसंत व्याख्यानमाला ऐन तेंदूपत्त्याच्या हंगामात येते. पहाटे चारला जंगलात गेलेली बाई दुपारी पुडे बांधते, संध्याकाळी फळीवर मोजून देते. तिला सात वाजता व्याख्यानाला या म्हणणे म्हणजे थट्टाच. असो.

हा जो टेबलावर ठेवला आहे तो याशिका मॅट १२४ जी. जपानी बनावटीचा, पुढे दोन डोळे असलेला. १९७० पासून १९८६ पर्यंत हा निघत होता. ह्याचे मूळ जर्मनीत. फ्रांके आणि हायडेके ह्या दोघांनी ब्राउन्श्वाइग गावी १९२९ साली रोलायफ्लेक्स काढला, त्याचीच ही वंशावळ. वरच्या डोळ्याने पाहावयाचे, खालच्याने फोटो घ्यावयाचा. वरून झाकण उघडले की आत काचेवर समोरचे दृश्य दिसते. सुलटे दिसते, पण डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. त्यामुळे नवशिक्याची पहिल्या दिवशी फार त्रेधा उडते. आमची महिनाभर उडत होती.

हा आमच्याकडे कसा आला ती हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ती सांगायची तर आमची एक चूक चारचौघांत कबूल करावी लागते.

विडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला. त्या निधीतून दवाखाना, मुलांना शिष्यवृत्ती, घराला मदत, विमा अशा सवलती होत्या. भविष्यनिर्वाह निधी १९७७ साली विडी धंद्याला लागू झाला. मालक लोक कोर्टात गेले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कामगारांच्या बाजूने कायम केला. कागदावर सगळे ठीक होते. परंतु घरी बसून विडी वळणारी बाई ही कामगार आहे हे सिद्ध कोणी करायचे? पाने, तंबाखू सट्टेदार देणार. वळलेली विडी तो नेणार. त्यातली छाट काढून फेकणार आणि तिची मजुरी कापणार. आणि वहीवर नाव नवऱ्याचे. तेव्हा ओळखपत्र हाच एक आधार. आणि ओळखपत्राला फोटो पाहिजे.

१९९७ साली आम्ही मोहाडी तालुक्यातल्या एका गावात हे काम धरले. बायांचे फोटो कोणाकडेच नव्हते. लग्नातही फोटो काढण्याची ऐपत नव्हती. एक मात्र आम्ही पाहिले. त्या वस्तीत बाबासाहेबांची तसबीर नाही असे घर नव्हते. १९५४ सालच्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब ह्या भंडारा मतदारसंघातून उभे राहिले आणि पडले, हे आपण सर्व जाणता. ज्यांनी त्या वेळी त्यांना प्रत्यक्ष पाहिले होते असे दोन म्हातारे तेव्हा हयात होते, आणि बाबासाहेब कसे बसले होते, कोट कोणत्या रंगाचा होता, हे ते तसबिरीकडे बोट दाखवून सांगत. भिंतीवर बाबासाहेब होते, तथागत होते. ते घर जिच्या बोटांवर चालले होते त्या मायचा फोटो मात्र कोणत्याच भिंतीवर नव्हता.

तुमसरहून एक फोटोवाले काका आम्ही ठरविले. त्यांचे नाव घेत नाही. त्यांना ते आवडले नसते. गडी अबोल. सायकलीला हा कॅमेरा आणि तिकाटणे बांधून आले. एका बाईचे दोन फोटो म्हणजे तेव्हा जवळजवळ दिवसाची मजुरी. काकांनी तोड काढली. ह्या कॅमेऱ्याच्या रोळावर बाराच फोटो निघतात, पण निगेटिव्ह चांगली मोठी, सहा सेंटिमीटर चौरस. शाळेच्या भिंतीला पांढरी चादर लावायची, बाकावर चार बाया शेजारी शेजारी बसवायच्या, एकच फोटो घ्यायचा, तो मोठा करायचा आणि कात्रीने चार चेहरे वेगळे करायचे. एका रोळात अठ्ठेचाळीस बाया! काटकसरीची ही विद्या खेड्यापाड्यांतल्या सगळ्या फोटोवाल्यांना ठाऊक होती. जुन्या ओळखपत्रांवर पाहा. कडेला शेजारणीचा अर्धा खांदा हमखास सापडेल.

फोटो धुऊन आले. रात्री कंदिलाच्या उजेडात कात्री आणि डिंक घेऊन ते चिकटवायला आम्ही बसलो. आम्ही म्हणजे ह्या ठिकाणी खरोखरच एकटा मी. सकाळी अर्ज द्यायचे होते. एका घरातल्या दोन जावा होत्या. आडनाव एक, नवऱ्यांची नावे जवळजवळ सारखी, लुगडीही एकाच बाजारातली. थोरलीच्या कार्डावर धाकटीचा चेहरा लागला आणि धाकटीच्या कार्डावर थोरलीचा. कार्डांवर शिक्के पडले, वाटप झाले, फुलांचे हार झाले, आमचे भाषण झाले.

२००९ साली थोरली वारली. तिच्या नवऱ्याने दावा लावला. कचेरीने तो परत पाठविला. कारण उघड होते; कार्डावर जिचा चेहरा ती बाई तर जिवंत, पलीकडच्या अंगणात विड्या वळीत बसलेली! लबाडीचा संशय आला. त्या कारकुनाला आम्ही त्या वेळी फार बोललो; आज वाटते, त्याच्या जागी आम्ही असतो तर तेच केले असते. म्हातारा अडीच वर्षे खेटे घालीत राहिला. चूक कुठे झाली हे आम्हांला उमगले तेव्हा आम्ही धाकटीकडे गेलो आणि विचारले, बाई, बारा वर्षांत तुमच्या ध्यानात कसे आले नाही? ती म्हणाली, “दोघीयलेबी दिसला व्हता जी. पन तुमी चिकटवला, सायबानं शिक्का मारला. मंग आमी का म्हनाव?”

आम्ही बायांना हक्क शिकवायला गेलो होतो. बारा वर्षे त्या दोघींनी एकमेकींचा चेहरा ट्रंकेत सांभाळला आणि आम्हांला सांगण्याची त्यांची हिंमत झाली नाही. युनियनच्या कामाचा हिशेब मांडताना आम्ही सभासदसंख्या सांगतो, मोर्चे सांगतो. हा आकडा कोणत्या रकान्यात लिहावा ते आम्हांला अजून सुचलेले नाही.

काकांचे दुकान तोवर बंद झाले होते. मोबाइलवाले आले, संगणकावर दहा मिनिटांत फोटो निघू लागले. त्यांनी पाटी उतरविली आणि वर्षभरात तेही गेले. त्यांच्या पत्नींकडे आम्ही गेलो. माळ्यावर पत्र्याची पेटी होती. पेटीत पाकिटे, प्रत्येक पाकिटावर तारीख, गावाचे नाव आणि आत बसलेल्यांची नावे, डावीकडून क्रमाने, शिसपेन्सिलीने लिहिलेली. काका बोलत नसत, पण लिहीत असत! त्या गावचे पाकीट निघाले. चौघींचा अखंड फोटो करून घेतला, पाकीट जोडले, उरलेल्या दोघींची प्रतिज्ञापत्रे जोडली, आणि दावा मंजूर झाला.

दाव्याची गोष्ट इथे संपली. परंतु तो अखंड फोटो आम्ही प्रथम हातात घेतला तेव्हा जे पाहिले, तिथून आमचे हे वेड सुरू झाले. ओळखपत्रावर कात्रीने गळ्याखालचे सगळे गेले होते. अखंड फोटोत चौघींच्या मांड्या, त्यांवरचे हात, बाकाखालची धूळभरली पावले दिसत होती. थोरलीने धाकटीचे मनगट घट्ट धरून ठेवले होते. धाकटी त्या वेळी विशीतली असेल. कॅमेऱ्याला भ्याली असावी. चादरीचे एक टोक सुटू नये म्हणून कोणीतरी ते धरून उभे होते; कडेला फक्त कोपरापासूनचा हात आला आहे. तो हात आमचा.

काकूंनी कॅमेरा पुढे केला. म्हणाल्या, “पडूनच हाये, घेऊन जा जी.” मग घासाघीस झाली, ती उलटी, त्या किंमत घेईनात आणि आम्ही फुकट घेईना. शेवटी त्यांच्या घराच्या कराची पावती आम्ही भरून दिली.

आता थोडे ह्या यंत्राविषयी. डोळ्याला लावायच्या कॅमेऱ्यात छायाचित्रकाराचा चेहरा झाकलेला असतो. समोरच्या माणसाला एक काळी नळी आपल्यावर रोखलेली दिसते. हा कॅमेरा पोटाशी धरावा लागतो, आणि पाहायला मान खाली घालावी लागते. म्हणजे फोटो काढणारा समोरच्यापुढे वाकतो. आम्ही ज्या समाजातून आलो त्या समाजात कोण कोणापुढे वाकतो ह्याला फार अर्थ असतो. विडीवाली बाई ओसरीवर बसलेली, आम्ही अंगणात उभे राहून तिच्यापुढे मान खाली घातलेली. पहिल्या पहिल्यांदा बायांना हसू फुटे, आणि हसून झाले की चेहरा मोकळा होई.

ह्यातला प्रकाशमापक कधीच मेला. तो ज्या पाऱ्याच्या बॅटरीवर चाले ती आता कोणी बनवीत नाही. तेव्हा उजेड डोळ्याने ओळखायचा. लख्ख ऊन असेल तर भिंगाचे भोक सोळावर आणि वेग फिल्मच्या आकड्याइतका, हा जुन्या लोकांचा ठोकताळा. ढग आले तर एक घर उघडायचे, छपरीच्या सावलीत तीन-चार घरे. चुकत चुकत बसते. बाराच फोटो, आणि रोळ, धुणे, कागद सगळे धरले तर विडी वळणाऱ्या बाईची चार-पाच दिवसांची मजुरी त्यात जाते. हा हिशेब डोक्यात असला की बोट उगाच खटक्यावर जात नाही. मोबाइलवर माणूस आधी फोटो घेतो आणि मग पाहतो. इथे आधी पाहावेच लागते.

फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. त्यावर उजेड पडला की त्या कणांत असा सूक्ष्म फरक होतो की डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण चित्र उमटलेले असते. डेव्हलपरमध्ये ते काळ्या चांदीच्या रूपाने प्रकट होते आणि हायपोत न वापरलेले क्षार विरघळून जातात. पुस्तकात लिहिले आहे, डेव्हलपरचे तापमान वीस अंश ठेवा. पुस्तक विलायतेत लिहिलेले! आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात नळाचे पाणी असे येते की त्यात चहापत्ती टाकावीशी वाटते. गरम पाण्यात फिल्मवरचा थर मऊ पडतो, सुरकुततो. पहिले तीन रोळ आम्ही असेच घालविले. मग मासळी बाजारातल्या ढिवर मंडळींकडून बर्फ आणू लागलो. आमचा जिल्हा तलावांचा. मासळीला बर्फ लागतो, त्यातला पाटीभर आम्हांला मिळतो. त्यामुळे आमच्या न्हाणीघराला फोटो धुण्याच्या दिवशी मासळीचा वास येतो आणि घरात बोलणी बसतात.

हे शिकत असताना जगात ह्या विद्येचे काय झाले ते आम्ही वाचीत गेलो. त्यातल्या दोन गोष्टी सांगण्याजोग्या आहेत.

एक आउगुस्ट झांडर ह्याची. जर्मनीतल्या हेरडोर्फ गावी १८७६ साली हा जन्मला. बाप खाणीत सुतार. पोरगाही लहानपणीच खाणीवर कामाला लागला. एकदा तिथे एक फोटोवाला आला, त्याचे सामान वाहायला हा पोऱ्या दिला. आणि काचेतून पाहून पोऱ्याचे आयुष्य पालटले. आपल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीजच्या खाणींवर वावरलेल्या माणसांना ह्यात नवल वाटू नये; कोणते पोर कशाने पेटेल ते सांगता येत नाही. ह्या माणसाने पुढे आपल्या काळच्या सगळ्या समाजाचे चेहरे टिपण्याचा पण केला. शेतकरी, वकील, खानसामा, बेकार मजूर, सर्कशीतले लोक. काचेच्या मोठ्या निगेटिव्ह, लाकडी कॅमेरा, माणूस त्याच्या जागी, त्याच्या कामाच्या कपड्यांत उभा. १९२८ सालचा त्याचा एक फोटो आहे. खांद्यावर विटांची रास घेतलेला मजूर. डोळे थेट आपल्याकडे. त्यात केविलवाणे काही नाही. भार मोठा आहे, आणि तो पेलला आहे. १९२९ साली त्याने साठ चेहऱ्यांचे पुस्तक काढले. १९३६ साली नाझींनी त्या पुस्तकाचे छपाईचे ठसे नष्ट केले. आर्यांच्या सुबक चेहऱ्यांच्या काळात हे खरे चेहरे त्यांना नको होते. त्याचा मुलगा एरिख हा समाजवादी चळवळीतला. त्याला दहा वर्षांची सजा झाली आणि १९४४ साली तो तुरुंगातच मेला. बापाने चेहरे जमविणे सोडले नाही.

दुसरी गोष्ट आमच्या धंद्याच्या जवळची. १९७० साली अमेरिकेत पोलरॉइड कंपनीत कॅरोलाइन हंटर नावाची रसायनशास्त्रज्ञ तरुणी आणि केन विल्यम्स नावाचा छायाचित्रकार नोकरीस होते, दोघेही कृष्णवर्णीय. आपल्या कंपनीचे झटपट फोटोचे यंत्र दक्षिण आफ्रिकेत काळ्या लोकांच्या पासबुकांसाठी वापरले जाते असे त्यांस आढळले. ते पासबुक जवळ नसले की काळ्या माणसाला पकडून नेत. ह्या दोघांनी कंपनीतच आंदोलन उभे केले, नोकऱ्या गमावल्या, बहिष्कार पुकारला. आणि १९७७ साली पोलरॉइडला दक्षिण आफ्रिकेतून निघावे लागले. ही हकीकत आम्ही प्रथम वाचली त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आम्ही ओळखपत्रासाठी फोटो काढीत हिंडलो होतो आणि हे दोघे ओळखपत्राच्या फोटोविरुद्ध लढले होते. आणि दोन्ही कामे बरोबर होती! कार्ड कोणाच्या हातात आहे आणि ते मागणारा कोण आहे, ह्यावर सगळे अवलंबून. आमच्या बायांनी कार्ड मागून घेतले होते. तिकडे ते लादले होते. मात्र मागून घेतलेल्या कार्डावरही चुकीचा चेहरा लागला तर बाईला तोंड उघडता येत नाही, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा दोन्हींत अंतर आम्ही समजत होतो तेवढे नसावे.

आपल्याकडेही हे काम झालेले आहे. सुनील जाना ह्यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचे फोटो काढले, ते कम्युनिस्ट पक्षाच्या पत्रांतून छापले गेले. पुढे मुंबईत पक्षाच्या कम्यूनमध्ये राहून त्यांनी मजूर, कोळी, आदिवासी ह्यांना टिपले. दुष्काळाचे फोटो सर्वांना माहीत आहेत. पण आम्हांला त्यांचे कामकरी बायांचे फोटो अधिक मोलाचे वाटतात, कारण उपाशी माणसाकडे पाहून दया येते आणि काम करणाऱ्या माणसाकडे पाहून आदर वाटतो. आमच्या चळवळीला दयेचा उपयोग फारसा झालेला नाही.

स्टुडिओच्या फोटोंबद्दल मात्र आमची एक तक्रार आहे. काकांबद्दलही होती, आणि ती त्यांच्या तोंडावर केलेली आहे. निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने काम केले की छापल्यावर तो भाग उजळ येतो. सुरकुती जाते, देवीचे व्रण जातात, आणि सावळी पोरगी गोरी होते. लग्नाच्या फोटोला हे हटकून करीत. पोरीचा फोटो पाहून स्थळ येई आणि पोरगी पाहून परत जाई! दोष एकट्या फोटोवाल्याचा नव्हे. रंगीत फिल्म ज्यांनी बनविली त्यांनी रंग जुळवायला गोऱ्या बाईच्या फोटोचे कार्ड प्रयोगशाळांना दिले होते. त्यात काळी माणसे नीट येत नसत. पुढे सुधारणा झाली, तिला मोठा हातभार कोणाच्या तक्रारीने लागला? चॉकलेट आणि लाकडी सामान विकणाऱ्यांच्या. चॉकलेटचे आणि लाकडाचे तपकिरी रंग जाहिरातीत नीट उतरत नव्हते म्हणून. काळ्या आया आपल्या मुलांचे शाळेतले फोटो हातात घेऊन किती वर्षे गप्प राहिल्या असतील, कोण जाणे.

म्हणून आम्ही काळी-पांढरी फिल्म वापरतो, आणि पेन्सिल लावत नाही. कॅमेरा हाती आल्यावर पहिला चेहरा घेतला तो त्या धाकटीचा. आता तीही पन्नाशीकडे झुकलेली. छपरीत, सकाळच्या उजेडात, मांडीवर सूप, सुपात पाने, जर्दा, कैची, फर्मा. कॅमेरा पाहताच ती पोलीस चौकीत बसावी तशी ताठ बसली. आम्ही खटका दाबला नाही. थांबलो. इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या. छाट किती काढतात, सूनबाई कशी आहे, नातू शाळेत जातो का. दहा मिनिटांनी तिचा हात आपोआप पानाकडे गेला आणि ती वळू लागली. मग एक घेतला. छपरीत उजेड कमी, वेग पंधरावा हिस्सा. चेहरा स्पष्ट आला आणि बोटे धुरासारखी पुसट. आम्ही हळहळलो, फोटो बिघडला म्हणून टाकून देणार होतो. तिने पाहिला आणि म्हणाली, “बराबर तं आला. हात कवा थांबला व्हता जी?” तोच फोटो तिने भिंतीवर लावला.

ह्या बोटांविषयी एक गोष्ट सरकारी माणसांनीही ऐकावी. वर्षानुवर्षे पान आणि फर्मा घासून विडीवालीच्या बोटांवरच्या रेघा झिजतात. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला अंगठा लावायला ती गेली की यंत्र म्हणते, ही बाई कोणी नाही. एक हजार रुपये किमान पेन्शन, सप्टेंबर २०१४ पासून तेवढीच; आणि तीही अंगठा उमटत नाही म्हणून अडते. अलीकडे मोबाइलने चेहरा पाहून दाखला देण्याची सोय झाली, ती चांगली आहे, आम्ही तिला विरोध करीत नाही; आमची पोरे गावोगाव जाऊन ते काम करतात. जुन्या कॅमेऱ्याचा जिव्हाळा म्हणून नव्या यंत्राला शिव्या देणाऱ्यांतले आम्ही नव्हे. पण ते यंत्र बाईला म्हणते, डोळे मिचकाव, मान हलवू नको. आणि हिरवी खूण आली की झाले. आतला चेहरा कुठे गेला हे तिलाही दिसत नाही, आम्हांलाही नाही. काकांच्या पेटीत तो शिसपेन्सिलीच्या नावासकट होता.

फिल्मच्या धंद्यातही माणसे होती, तीही गेली. उटकमंडला सरकारने १९६० साली हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला. १९६७ साली उत्पादन सुरू झाले. ‘इंदू’ छापाची काळी-पांढरी फिल्म आणि दवाखान्याच्या एक्स-रेच्या फिल्मा तिथल्या. काकांच्या पेटीत इंदूचे रिकामे डबे निघाले, त्यांत काकूंनी सुया आणि गुंड्या ठेवल्या होत्या. १९९६ साली तो कारखाना आजारी ठरला आणि मग वर्षे न् वर्षे कामगार यंत्रांची राखण करीत बसले. आलप्पीचा वागेश्वरी नावाचा लाकडी कॅमेरा तर आता संग्राहकांकडेच पाहायचा. आम्ही आज जो रोळ घालतो तो इंग्लंडचा किंवा झेक देशाचा. गंमत अशी की मोठ्या शहरांतली तरुण मंडळी पुन्हा फिल्मकडे वळत आहेत, जुन्या कॅमेऱ्यांचे भाव चढले आहेत. मागे एक जण ह्या याशिकाला आम्ही महिन्याचे मानधन घेतो त्याच्या दुपटीने मागत होता. त्याला आम्ही चहा पाजून परत पाठविला.

आता एक विनंती. काकांच्या पेटीतली पाकिटे आम्ही गेले दोन हिवाळे उघडतो आहोत. उन्हाळ्यात उघडत नाही, निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात. विडीवाल्या, धानाच्या गिरणीतले हमाल, पितळेची भांडी घडविणारे, आंधळगावचे कोशाचे विणकर, शाळेचे वर्ग, बारशी, दोन-तीन मयतीही. बहुतेकांवर नावे आहेत. काहींवर पाणी गळून नावे गेली आहेत, चेहरे शाबूत आहेत. त्यांतले चाळीसेक फोटो मोठे करून मागच्या भिंतीशी टेबलांवर मांडले आहेत. अखंड आहेत, कापलेला एकही नाही. सभा संपल्यावर घाई करू नका. आपली माय, आजी, शेजारीण कोणी ओळखू आली तर टेबलावर शिसपेन्सिल ठेवली आहे, फोटोच्या मागे नाव लिहा, डावीकडून मोजून. आणि नाव चुकीचे लिहिलेले कोणाला दिसले, ते आमच्या अक्षरातले असले तरी, खोडून टाका.